कर्ज फेडून देणं आणि पाठीशी उभं राहणं

मुलानं रमीत किंवा आयपीएलच्या सट्ट्यात काही लाख घालवलेत हे कळलं, की घराची पहिली नजर जाते आईच्या बांगड्यांकडे. "एकदाचं फेडून टाकू, शपथ घेतलीय त्यानं." दाराशी वसुलीवाला उभा असताना दुसरं काही सुचतही नाही, हे खरं.

पण अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2013 मध्ये जुगाराचा विकार दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांसोबत नेऊन बसवला, तेव्हा दिलेल्या नऊ लक्षणांतलं एक नेमकं हेच आहे: जुगारामुळे आलेल्या तंगीतून सुटायला दुसऱ्यांच्या पैशांवर विसंबणं. म्हणजे आपण ज्याला उपाय समजतो, तो आजारालाच खतपाणी घालतो. हरलेला माणूस 'गेलेले काढायचेत' म्हणून पुढचा डाव लावतो. घरानं देणं मिटवलं की त्याची पत पुन्हा उभी राहते आणि लोन ॲपवर नवी लिमिट दिसायला लागते.

पाठीशी उभं राहणं त्यामानानं बरंच रुक्ष काम आहे. त्याच्याशेजारी बसून सिबिलचा, म्हणजे त्याच्या कर्जांच्या नोंदींचा, रिपोर्ट काढायचा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. बँकांची आणि कार्डांची कर्जं त्यात दिसतात. मित्रांची उसनवारी, बुकीची उधारी दिसत नाही, ती त्याच्याच हातानं वहीत लिहून घ्यायची. पहिला आकडा बहुधा कमीच सांगितलेला असतो. मग एटीएम कार्ड आणि यूपीआय काही काळ बायकोकडे किंवा वडिलांकडे. हप्ते त्याच्याच पगारातून, मुदत लांबली तरी चालेल. नातवाची फी भरायचीच असेल तर थेट शाळेत भरा, रोख त्याच्या हाती नको. आणि जामीन राहायचं नाही, म्हणजे नाही.

याचा अर्थ त्याला टाकून देणं नव्हे. जेवायला हाक मारायची, डॉक्टरकडे सोबत जायचं, पाहुण्यांत बोभाटा करायचा नाही.

2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, तिच्यावरही फार विसंबू नका. मुंबईचा जुगारबंदी कायदा 1887 चा, आणि मटका फोफावला तो त्यानंतर.

एका वेळी मात्र हा सगळा हिशेब बाजूला ठेवायचा. देणं उघडं पडल्यावर तो 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं बोलला, तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. फोन त्यानंच करायला हवा असं नाही, आईनं केला तरी चालतो.