१९ फेब्रुवारी: तारीख एक, पण कुठल्या कॅलेंडरची?

१९ फेब्रुवारीचा दिनविशेष उघडला की पहिलं नाव कुणाचं येणार हे सांगायला नको. त्याखाली मग बाकीची मंडळी: कोपर्निकस (१४७३), फोनोग्राफचं पेटंट (१८७८), पुण्यात गोखल्यांचं निधन (१९१५), शिल्पकार राम सुतारांचा जन्म (१९२५, धुळे जिल्ह्यातला, आणि पुढे शिवरायांचे पुतळेही घडवले, योगायोग बघा), आणि १९४६ चा तो मंगळवार, जेव्हा मुंबईत नौसैनिकांचा उठाव जहाजाजहाजांवर पसरत होता आणि त्याच दिवशी तिकडे लंडनमध्ये कॅबिनेट मिशन पाठवायची घोषणा झाली. यादी झकास दिसते. गंमत एवढीच की यातली शिवराय आणि कोपर्निकस ही दोन नावं एका कॅलेंडरातली आणि बाकीची सगळी दुसऱ्या.

शिवजयंती सुरू कुणी केली हा वाद इथे काढत नाही, तो वेगळाच आखाडा आहे. १८९६ ला रायगडावर उत्सव झाला तेव्हा जन्म शके १५४९ च्या वैशाखातला, म्हणजे १६२७ चा, असंच सगळे धरून चालले होते, कारण बखरी तसं सांगत होत्या. बखरींमध्ये तिथीवरून आपसात मेळ नव्हता, पण वैशाख म्हटल्यावर कुणाला फारसा प्रश्न पडत नव्हता.

मग आली जेधे शकावली, म्हणजे घडामोडींची शकवार टिपणं. भोरकडच्या कारी गावातल्या देशमुखांच्या घरातले कागद, ते पुण्यात पोचले आणि १९१६ साली छापून आले, आणि मजा म्हणजे ज्यांनी उत्सव गाजवला त्या टिळकांनीच ही शकावली लोकांपुढे आणली. त्यात नोंद स्पष्ट: शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरी. म्हणजे एकदम जवळपास तीन वर्षांचा फरक. नंतर शिवभारत छापलं गेलं, ते तर महाराजांच्याच पदरी असलेल्या कवीचं, तिथेही हीच तिथी. जोधपूरकडे एका ज्योतिषाच्या संग्रहात कुंडली सापडली, तीही याच बाजूची. आणि हे सगळं होत असताना १९२७ साली त्रिशताब्दी झालीसुद्धा! म्हणजे शकावली छापून अकरा वर्षं झाली होती, शिवभारत त्याच वर्षी छापून येत होतं, आणि लोक १६२७ धरून तीनशे वर्षं मोजत होते.

राज्य सरकारने १९६६ ला इतिहासकारांची समिती नेमली. एकमत झालं नाही, आणि एकमत होईपर्यंत जुनीच तिथी चालू द्या असं ठरलं. मला विचाराल तर इथेच सगळं घोडं अडलं. पुराव्याचं पारडं तेव्हाही बऱ्यापैकी एका बाजूला झुकलेलं होतं, एकदोघांचा विरोध होता म्हणून निर्णय साडेतीन दशकं लोंबकळला, आणि आमच्यासारख्यांच्या शाळेत वैशाखातली जयंती उन्हाळ्याच्या सुट्टीत यायची त्यामुळे कुणाला पत्ताच नसायचा. शेवटी २००१ ला शासनाने १९ फेब्रुवारी १६३० वर शिक्का मारला.

वर्षाचा वाद मिटला. आता तारखेचा सुरू.

'१९ फेब्रुवारी १६३०' ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख आहे. आज आपण जे वापरतो त्या ग्रेगोरियनमध्ये तोच शुक्रवार म्हणजे १ मार्च १६३०. दहा दिवसांचा फरक. त्या दिवशी गोव्यात पोर्तुगीज कारकुनाने कागदावर १ मार्च घातला असता, कारण पोर्तुगालने नवं कॅलेंडर १५८२ लाच घेतलं होतं. त्याच दिवशी सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजाने १९ फेब्रुवारी लिहिलं असतं, आणि वर्ष? वर्ष १६२९! कारण इंग्रजांचं नवीन वर्ष तेव्हा २५ मार्चला लागायचं. इंग्लंडने कॅलेंडर बदललं ते थेट १७५२ ला, २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर करून. म्हणजे आपली '१९ फेब्रुवारी १६३०' ही दिवसाला इंग्रजी जुनी आणि वर्षाला आजची, अशी जोडगोळी आहे.

यात कुणी चूक केली असं नाही. शिवकाळाच्या तारखा इंग्रजी जुन्या पद्धतीने द्यायचा अभ्यासकांचा रिवाज आहे, राज्याभिषेकाची ६ जून १६७४ पण त्यातलीच, निधनाची ३ एप्रिल १६८० पण त्यातलीच. एक बदलायची तर सगळ्याच बदला, आणि मग ६ जूनला रायगड चढणाऱ्यांना १६ जून सांगा बघू. माझं मत विचाराल तर रिवाज आहे तो राहू द्यावा, फक्त यादी करणाऱ्यांनी बारीक अक्षरात तसं लिहावं.

'तिथीनेच करा' म्हणणारे इथेच जोर धरतात आणि त्यांच्या म्हणण्यात काही तथ्य नाही असंही नाही. मूळ नोंद तिथीची आहे, तारीख आपण नंतर बसवली. पण 'तिथीने केली की खरा दिवस मिळतो' हेही अर्धंच खरं. आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या हिशोबाने चालणारं, ते ऋतूंच्या मानाने साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतं, म्हणजे १६३० पासून आतापर्यंत पाचेक दिवस गेलेच. त्यात अधिक महिन्यामुळे तिथी मागेपुढे हलते ती वेगळीच. म्हणून फाल्गुन वद्य तृतीया हल्ली १९ फेब्रुवारीला सोडाच, १ मार्चलाही येत नाही. २०१८ ला ती ४ मार्चला आली, २०२१ ला ३१ मार्चला. घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघा, फेब्रुवारीच्या पानावर लाल चौकोन, आणि होळी झाली की दोन-तीन घरं सोडून 'शिवजयंती (तिथीप्रमाणे)' बारीक अक्षरात.

आणि बेळगाव तर या दोन्हीत नाही. तिथली जुनी परंपरा अजून वैशाख शुद्ध द्वितीयेची, अक्षय्य तृतीयेच्या आसपास, आणि चित्ररथ रात्रभर चालतात, पहाट होते तरी मंडळं रस्त्यावर. मुंबईत कागद निघाला म्हणून बेळगावकर चित्ररथ फेब्रुवारीत काढतील अशी अपेक्षाही कुणी ठेवू नये. २०३० ला चारशे वर्षं होतील तेव्हा इकडे मोठा सोहळा होणारच, पण तिकडे कुणी जुनी बखर पुढे ठेवून २०२७ लाच चारशे मोजायला बसलं तर निदान वजाबाकी तरी बरोबर येईल.