कामगार व नगररचना (डावपेचांच्या संगणकीय खेळांतील)

राज्य उभारणीच्या संगणकीय खेळांत शेती, खाणकाम, लाकूडतोड व बांधकाम करणाऱ्या बिनलढाऊ प्याद्यांना कामगार म्हणतात. त्यांना कोणत्या क्रमाने कामाला लावायचे आणि शहर नकाशावर कसे पसरू द्यायचे, हे दोन प्रश्न वेगळे वाटले तरी मुळात एकच आहेत. खेळणारे मात्र ‘वर्कर’, ‘बिल्डर’, ‘व्हिलेजर’ हेच शब्द वापरतात.

सलग चालणाऱ्या खेळांत सारा भर वेगावर असतो. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९) मध्ये एक व्हिलेजर ५० अन्नात मिळतो; नवखा खेळाडू सैन्याच्या घाईत टाउन सेंटर (व्हिलेजर घडवणारी इमारत) बिनकामाचे ठेवतो आणि तेथेच मागे पडतो. ‘स्टारक्राफ्ट’ (१९९८) मध्ये झर्ग जमातीचा ड्रोन हा कामगार स्वतःच इमारत बनतो, त्यामुळे तेथे प्रत्येक बांधकामामागे एक कामकरी हात कमी होतो.

आळीपाळीच्या खेळांत विचाराला सवड असते. ‘सिव्हिलायझेशन’च्या पहिल्या भागात (१९९१) वस्ती करणारे सेटलरच शेतीला पाणी देत व रस्ते बांधत, वेगळा वर्कर तिसऱ्या भागात (२००१) आला. सहाव्या भागात (२०१६) बिल्डरला साधारणतः तीनच कामे करता येतात व मग तो नाहीसा होतो. याच भागात शहराचे विभाग (एकेका कामासाठी उभारलेल्या वस्त्या) नकाशावरच्या षट्कोनी घरांत पसरू लागल्यामुळे, आज जेथे शेत केले तेथे उद्या विभाग उभारायचा ठरला, तर शेत पुसले जाते आणि बिल्डरचे एक काम वाया जाते. म्हणून जाणते खेळाडू आधी विभागांच्या जागा हेरून ठेवतात व उरलेल्या जमिनीवर शेते करतात. विभागाच्या जागेवरची झाडी मात्र आधीच तोडून एकरकमी उत्पादन पदरात पाडून घेतात. सातव्या भागाने (२०२५) बिल्डरच काढून टाकला. कटकट गेली हे खरे, पण हिशेबाची गंमतही गेली.

सहाव्या भागात नदीकाठी शहर वसवले तर गोडे पाणी मिळते व अधिक लोकवस्ती पेलता येते. त्याची दुसरी बाजू ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या २०१९ च्या जोडभागाने दाखवली : नदीला पूर येतो, शेते व विभाग मोडतात, पण गाळाने जमीन सुपीकही होऊ शकते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले होते. २००५ चा पूरही पाहिलेल्या या शहरातल्या खेळाडूला काठची मळई आणि पुराची धास्ती एकाच जमिनीत कशी नांदतात, हे वेगळे सांगावे लागत नाही. खेळातला ऊसही पूरमैदानात (पुराचे पाणी पसरणाऱ्या काठच्या जमिनीत) आढळतो. धरण हा विभाग पूरमैदानातच, नदीने किमान दोन बाजूंनी वेढलेल्या घरात बांधता येतो; त्यामुळे ते घर सुरुवातीपासून मोकळे राखणे शहाणपणाचे ठरते. मोडलेले शेत दुरुस्त करताना बिल्डरचे काम खर्ची पडत नाही.

प्रत्यक्ष नगररचनेशी तुलना मात्र बेताने करावी, कारण या खेळांत सातबारा नसतो. एकदा हद्दीत आलेल्या जमिनीवर खेळाडूखेरीज कोणाचाच हक्क चालत नाही.