कमलपत्र परिणाम

पानावर पडलेले पाणी न पसरता गोल थेंबांच्या रूपात राहते, जरासा उतार मिळताच घरंगळते आणि जाताना वाटेतली धूळ, काजळी, बुरशीची बीजुके सोबत घेऊन जाते. या आविष्काराला कमलपत्र परिणाम म्हणतात. असाच गुण असलेल्या कृत्रिम पृष्ठभागांनाही हे नाव लावले जाते. ते कमळावरून (निलंबो न्युसिफेरा) पडले असले, तरी हा गुण काही एकट्या कमळाचा नव्हे. अळू आणि कोबीच्या पानांवर पाण्याचा स्पर्शकोन सुमारे 160 अंश भरतो, म्हणजे जवळजवळ कमळाइतकाच. कमळ पाहायचे तर तळे गाठावे लागते. अळू परसातच असते. मराठीत क्षणभंगुर गोष्टीला अळवावरचे पाणी म्हणतात ते उगीच नव्हे.

थेंबाची कड जिथे घन पृष्ठभागाला टेकते, तिथे दोहोंमध्ये होणारा, द्रवाच्या आतून मोजलेला कोन म्हणजे स्पर्शकोन. त्यामागचा बलांचा समतोल थॉमस यंग यांनी 1805 मध्ये मांडला. हा कोन 90 अंशांहून कमी असेल तर पृष्ठभाग जलस्नेही, जास्त असेल तर जलविरोधी, आणि 150 अंशांपलीकडे गेला तर अतिजलविरोधी मानतात. अर्थात नुसता मोठा कोन पुरत नाही. थेंब अगदी कमी उतारावरही सुटला पाहिजे. गुलाबाच्या पाकळीवर थेंब गोल दिसतो, पण पाकळी उलटी धरली तरी तो चिकटून राहू शकतो.

केवळ रसायनाच्या जोरावर 160 अंश गाठता येत नाहीत. गुळगुळीत पृष्ठभागावर फ्लोरिनयुक्त रेणूंचा उत्तमातला उत्तम थर दिला, तरी स्पर्शकोन 120 अंशांच्या आसपास थांबतो. पुढची मजल खडबडीतपणामुळे मारली जाते. खडबडीतपणा मूळ स्वभावाला धार आणतो, भिजणारे अधिक भिजते आणि न भिजणारे अधिकच भिजेनासे होते, हे वेन्झेल यांनी 1936 मध्ये दाखवले. 1944 मध्ये कॅसी आणि बॅक्स्टर यांनी याहून महत्त्वाची गोष्ट सांगितली: खाचांमध्ये हवा अडकली, तर थेंब अर्धवट घनावर आणि अर्धवट हवेवर टेकतो, आणि घनाचा वाटा जितका कमी तितका स्पर्शकोन मोठा. हे दोघे इंग्लंडमधील लीड्स येथे लोकरीवर संशोधन करणाऱ्या संस्थेत होते. त्यांच्यापुढचा प्रश्न कापड पाण्याने भिजू नये एवढाच होता. बदकाच्या पिसाचाही विचार त्यांनी केला. कमळाचे कोडे सोडवणारे समीकरण असे लोकरीच्या कारखानदारीतून आले, आणि वनस्पतिशास्त्रज्ञांच्या ते फारसे कामी यायला पुढे अर्धशतक गेले.

मध्यंतरी सूक्ष्मदर्शक बदलला होता. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक 1965 मध्ये बाजारात आला आणि पानाच्या पृष्ठभागाचे उंचसखलपण प्रथमच नीट दिसू लागले. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट 1970 च्या दशकात वर्गीकरणासाठी हजारो जातींच्या पानांचे पृष्ठभाग तपासत होते. गुळगुळीत पाने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यापूर्वी धुऊन घ्यावी लागत, खडबडीत पाने मात्र स्वच्छच असत, हे त्यांच्या लक्षात आले. सर्वसाधारण समजूत याच्या नेमकी उलट होती. मळ खडबडीत पृष्ठभागावर जास्त बसतो असे कोणीही सांगेल. बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनह्यूस यांनी बॉन विद्यापीठातून 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाने हा विषय जगभर पोहोचवला. त्याच्या शीर्षकातच पवित्र कमळाच्या शुद्धतेचा उल्लेख आहे. त्याच्या आदल्याच वर्षी जपानमधील काओ कंपनीच्या संशोधकांनी मेणाचा एक खडबडीत पृष्ठभाग तयार करून 174 अंशांचा स्पर्शकोन मिळवला होता. तो कमळापेक्षाही सरस. तरी नाव राहिले ते कमळाचेच. भौतिकीच्या दृष्टीने पाहिले, तर श्रेयाचा मोठा वाटा लीड्सच्या जोडीकडे जायला हवा. बार्थलॉट यांचे खरे योगदान पाणी न धरण्यापेक्षा मळ न धरण्याशी, म्हणजे स्वयंस्वच्छतेशी आहे.

कमळाच्या पानात खडबडीतपणाचे दोन थर एकावर एक असतात. वरच्या बाजूच्या प्रत्येक पेशीवर सुमारे 10 मायक्रोमीटर आकाराचा उंचवटा असतो, आणि त्या उंचवट्यांवर व त्यांच्या मधल्या जागेत मेणाच्या सूक्ष्म नळ्यांचे दाट रान असते. एकेका नळीची जाडी 100 नॅनोमीटरच्या घरात असते. हे मेण मुख्यतः 29 कार्बन अणूंच्या साखळीची अल्कोहोले असलेले असते, आणि ते स्वतःहून नळीच्या आकारात स्फटिकते. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर अधांतरी राहतो, खाली हवा असते. धुळीचा कणही अशा टोकांवरच टेकलेला असल्यामुळे पानाला त्याची पकड बेताचीच. घरंगळणाऱ्या थेंबाची पकड त्याहून घट्ट, म्हणून कण थेंबाबरोबर निघून जातो.

यात वनस्पतीचा फायदा काय? पाण्यातून कार्बन डायऑक्साइडचे विसरण हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी मंद असते, म्हणजे पर्णरंध्रांवर (पान ज्यांतून हवा घेते-सोडते त्या सूक्ष्म छिद्रांवर) पाण्याचा पातळ थर बसला तरी पानाचा श्वास कोंडतो. बहुतेक झाडांची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूला असतात, कमळाची मात्र वरच्या बाजूला आहेत. खालची बाजू पाण्याला लागू शकते, तेव्हा दुसरी सोयच नाही. शिवाय बहुतेक रोगकारक बुरशींची बीजुके रुजायला ओलावा लागतो; पान कोरडे राहिले की त्यांचा पाय रोवला जात नाही. हाच गुण शेतकऱ्याच्या मुळावर येतो. कांदा किंवा कोबीवर मारलेले औषध पातीवरून ओघळून मातीत जाते. म्हणून फवारणीच्या पाण्यात ‘स्टिकर’ मिसळतात. तो पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोल आवळून धरणारी ओढ, कमी करतो आणि थेंब पसरतो.

साबण, अल्कोहोल, तेल यांच्यापुढे कमळाचे पानही हरते. वाफेपुढे हरते ते अधिक विचार करायला लावणारे आहे: वरून टाकलेला थेंब हवेवर तरंगतो, पण बाष्प थेट खाचांमध्ये जाऊन तिथेच द्रवरूप झाले तर हवेला जागा उरत नाही आणि पान भिजते. चेंग आणि रोडाक यांनी हे 2005 मध्ये दाखवून दिले. कृत्रिम लेपांची आणखी मोठी अडचण झिजण्याची आहे. पान झिजलेले मेण पुन्हा तयार करते, भिंतीवरचा रंग ते करू शकत नाही. स्टो या जर्मन कंपनीने 1999 मध्ये या तत्त्वावरचा बाहेरील भिंतींचा रंग बाजारात आणला. तो आजही या विषयातले सर्वांत परिचित उत्पादन आहे. पाणी आणि तेल दोन्ही झटकणाऱ्या अनेक लेपांत फ्लोरिनयुक्त संयुगे वापरली गेली. ती निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत, आणि त्यांपैकी काहींवर आता स्टॉकहोम कराराखाली बंदी आहे.

वैद्यकात कमलपत्राकडून मोठ्या अपेक्षा होत्या. कॅथेटरच्या, म्हणजे शरीरात घालायच्या नळीच्या, आतल्या भिंतीवर रक्ताची गुठळी धरते, जिवाणूंचा चिकट थर बसतो आणि संसर्ग होतो. काही चिकटूच न देणारा पृष्ठभाग मिळाला तर हवाच होता. परंतु शरीरात हा परिणाम टिकत नाही. प्रथिनांमुळे रक्ताचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असतो, प्रथिने खाचांत चिकटतात, आणि सतत द्रवात बुडालेल्या पृष्ठभागावरची हवा हळूहळू विरघळून जाते. मग संशोधक दुसऱ्याच वनस्पतीकडे वळले. घटपर्णी या कीटकभक्षी वनस्पतीच्या कलशासारख्या पानाची कड ओली झाली की तिच्यावर पाण्याचा थर बसतो आणि कीटकाचे पाय त्यावरून घसरतात, हे 2004 मध्ये स्पष्ट झाले होते. (भारतात मेघालयाच्या डोंगरांत घटपर्णीची एक जात आढळते.) हार्वर्ड विद्यापीठातील जोआना आयझेनबर्ग यांच्या गटाने 2011 मध्ये या तत्त्वावर पृष्ठभाग बनवला, ज्यात खाचांत हवेऐवजी वंगणासारखा द्रव धरून ठेवलेला असतो. हवा विरघळते, योग्य निवडलेला द्रव रक्तात मिसळत नाही. 2014 मध्ये याच दिशेच्या, परफ्लुओरोकार्बन द्रवाचा थर दिलेल्या नळ्या डुकरांच्या रक्तवाहिन्यांना जोडण्यात आल्या, आणि गुठळीरोधक औषध न देताही त्या किमान 8 तास वाहत्या राहिल्या.

हाडात बसवायच्या रोपणांचे गणित वेगळे आहे. दातांच्या टायटॅनियम रोपणांचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवतात, पण तो पटकन भिजावा अशीच प्रक्रिया त्यावर करतात, कारण रक्त खाचांत शिरले तर हाड त्याला लवकर धरते. तिथे अतिजलविरोधी लेप अडथळाच ठरतो.