कार्ने द पासाज

कार्ने द पासाज : खासगी मोटार, मोटारसायकल किंवा तत्सम वाहन आयात शुल्क न भरता ठरावीक मुदतीसाठी परदेशात नेता यावे, म्हणून मान्यताप्राप्त मोटारसंघाने दिलेली हमीची पुस्तिका. पूर्ण फ्रेंच नाव ‘कार्ने द पासाज आं दुआन’, म्हणजे जकातनाका पार करण्याची वही. भारतात ‘कार्नेट’ हा उच्चार रूढ आहे. या वहीला ‘गाडीचा पासपोर्ट’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी तो दिशाभूल करणारा आहे. पासपोर्ट धारकाची ओळख व राष्ट्रीयत्व सांगतो. कार्ने शुल्काच्या रकमेची जबाबदारी कोणाची हे सांगते. कार्ने जवळ असल्याने प्रवेशाचा हक्क मिळत नाही आणि प्रवेशाचा परवाना मिळाल्याने कार्नेची गरज संपत नाही. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे गाडी नाक्यावर अडकून पडते.

व्युत्पत्ती : ‘कार्ने’ या फ्रेंच शब्दाचे मूळ ‘चार-चार’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात सांगितले जाते; चौपदरी दुमडलेल्या कागदाची वही, असा त्याचा प्रवास. ‘दुआन’ हा शब्द मराठी वाचकाला अधिक जवळचा आहे. इटालियनमधून तो फ्रेंचमध्ये आला आणि इटालियनमध्ये तो अरबी-फार्सी ‘दीवान’वरून आला, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. म्हणजे मराठीतले दिवाण, दिवाणी, दिवाणखाना हे शब्द आणि फ्रान्समधला जकातनाका एकाच कुळातले ठरतात. फार्सीत हा शब्द मुळात नोंदवही व हिशेबाचे दफ्तर या अर्थाचा असल्याने ‘वही’ ही कल्पना या नावात दोनदा आली आहे, असे म्हणता येईल. कार्नेपूर्वी प्रचारात असलेल्या कागदाला ‘त्रिप्तिक’ म्हणत. ग्रीकमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ तिपदरी असा असून चर्चमधील तीन फळ्यांच्या चित्रालाही हीच संज्ञा आहे. आपल्याकडील मोगल व मराठा अमदानीतील ‘दस्तक’ व ‘राहदारी’ या परवान्यांशी कार्नेची तुलना करण्याचा मोह होतो; तो आवरावा हे बरे. दस्तक सत्तेने दिलेले असे, कार्ने मात्र खासगी संघ देतो आणि सत्ता ते मान्य करते.

उगम : या पद्धतीचे जनकत्व काही लेखक मोटार क्लबांना देतात, तर काही पर्यटन-संघांना. मोटार क्लबांच्या बाजूने १९०४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा (‘फिया’ या आजच्या जागतिक मोटारसंघाची पूर्वज) दाखला दिला जातो. परंतु लक्झेंबर्ग येथे १८९८ मध्ये एकत्र आलेल्या पर्यटन-संघांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाकडे (पुढे ‘आल्यांस इंतेर्नास्योनाल द तुरिझ्म’) पाहिल्यास दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. हे संघ मुख्यतः सायकलस्वारांचे होते. सायकल सीमेपार नेताना नाक्यावर रोख अनामत ठेवावी लागे व परतताना ती त्याच नाक्यावर मागावी लागे. काही देशांनी संघाचे सभासदपत्र दाखवणाऱ्याला ही अनामत माफ केली. सभासदाऐवजी संघ जबाबदार, हे तत्त्व तेव्हाच रुजले होते. मोटार आली तेव्हा फक्त रक्कम वाढली आणि सभासदपत्राच्या जागी तीन तुकड्यांचा कागद आला. हे साधारणतः विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घडले. त्रिप्तिक एकाच देशापुरते चाले. अनेक देशांसाठी अनेक पानांची वही, म्हणजेच कार्ने, ही त्यापुढची पायरी होय.

आंतरराष्ट्रीय करार : खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीचा सीमाशुल्क करार न्यूयॉर्क येथे ४ जून १९५४ रोजी झाला व १५ डिसेंबर १९५७ पासून अमलात आला. भारत त्याचा सदस्य आहे. १९९० च्या इस्तंबूल करारातही वाहनांसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. मात्र वहीचा आराखडा, संघाचे दायित्व व नोटिशीच्या मुदती समजून घेण्यासाठी १९५४ चा करारच अधिक उपयोगी पडतो.

रचना : वही साधारणतः पाच, दहा किंवा पंचवीस पानांची असते व एक वर्ष चालते. प्रत्येक पानाचे छिद्ररेषांनी तीन भाग केलेले असतात. सर्वांत खालचा भाग प्रवेशाच्या वेळी फाडून घेतात, मधला भाग निर्गमनाच्या वेळी, आणि वरच्या स्थळप्रतीवर दोन्ही वेळचे शिक्के उमटतात. ही स्थळप्रत वहीतच राहते. एका देशातला एक प्रवेश व एक निर्गमन म्हणजे एक पान. त्याच देशात पुन्हा शिरायचे तर नवे पान लागते. मार्ग आखताना ही गोष्ट सुटली तर पाने कमी पडतात.

वाहनाचा तपशील पुठ्ठ्यावर व प्रत्येक तुकड्यावर छापलेला असतो : नोंदणी क्रमांक, निर्मितीवर्ष, वजन, किंमत, चेसिस व इंजिन यांचे क्रमांक, सिलिंडर, अश्वशक्ती, रंग, आसनांची संख्या, इतकेच नव्हे तर आसनांचे आच्छादन, रेडिओ व जादा टायरसुद्धा. नाक्यावर प्रत्यक्ष तपासणी होते ती मुख्यतः चेसिस क्रमांकाची. अधिकारी बॉनेट उघडायला लावतो, कोरलेल्या आकड्यांवरचे ग्रीस फडक्याने पुसून घेतो आणि वहीवर बोट ठेवून एकेक अक्षर ताडून पाहतो. सतरा अंकाक्षरांच्या आधुनिक क्रमांकात इंग्रजी आय, ओ व क्यू ही अक्षरे जाणीवपूर्वक टाळलेली आहेत, कारण ती एक व शून्य यांसारखी दिसतात. तरीही आरसी बुकात टंकताना शून्याचा ‘ओ’ झालेला आढळतो आणि कार्ने आरसीवरूनच तयार होत असल्यामुळे तीच चूक पुढे वहीत उतरते. आरटीओत वाहन हस्तांतराच्या वेळी चेसिस क्रमांकावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासतात व त्याचा ठसा घेतात. निघण्यापूर्वी असा ठसा घरीच घेऊन आरसी व कार्ने या दोहोंशी पडताळून पाहणे हा तयारीतला सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत मोलाचा भाग आहे.

हमी व मोकळीक : वाहन मुदतीत देशाबाहेर न गेल्यास शुल्काची मागणी प्रवाशाकडे नव्हे, तर हमीदार संघाकडे जाते. म्हणून संघ आधीच धारकाकडून बँक हमी, रोख अनामत किंवा विमा घेतो. शुल्क जितके चढे, तितकी हमी मोठी. भारतात आयात मोटारीवरील शुल्क बराच काळ शंभर टक्क्यांच्या वर होते, त्यामुळे परदेशी प्रवाशाला भारतासाठी लागणारी हमी डोईजड वाटे. वाहन बाहेर गेल्याचा शिक्का बसला की त्या पानाला ‘मोकळीक’ मिळाली असे मानतात. प्रवासी प्रवेशाच्या शिक्क्याची काळजी घेतात, पण धोका निर्गमनाच्या शिक्क्यात असतो. रात्री उशिरा, गर्दीत, पुढच्या देशाची कमान समोर दिसत असताना हा शिक्का राहून जातो. राहिलाच, तर वाहन आता अन्यत्र आहे असा सीमाशुल्क किंवा वकिलातीचा अधिकृत दाखला घेऊन प्रकरण नियमित करता येते. १९५४ च्या करारानुसार कागदाची मुदत संपल्यापासून एका वर्षात मोकळीक न मिळाल्याचे संघाला कळवले नाही, तर संघाकडे शुल्क मागण्याचा सीमाशुल्क खात्याचा हक्क संपतो; कळवले, तर पुराव्यासाठी संघाला आणखी एक वर्ष मिळते.

भारत व शेजारी : १९१९ मध्ये स्थापन झालेला व मुंबईत चर्चगेट येथे मुख्यालय असलेला वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन कार्ने देणाऱ्या भारतीय संघांपैकी आहे. कर्ज असलेल्या गाडीसाठी बँकेचे ना हरकत पत्र आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असल्यास कुलमुखत्यारपत्र तयार ठेवावे. भारतीय वाहनाला नेपाळमध्ये कार्ने लागत नाही. सुनौली, रक्सौल इत्यादी नाक्यांवर दिवसांच्या हिशेबाने ‘भन्सार’ (नेपाळी जकात) भरून परवाना मिळतो. भूतानमध्येही परवान्यावरच जाता येते. बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका व इराण हे कार्ने मागणारे देश. चीन या व्यवस्थेबाहेर असून तेथे तात्पुरती क्रमांकपाटी, तात्पुरता चालक परवाना व स्थानिक मार्गदर्शक यांची सोय आधी करावी लागते. बांगलादेश, भूतान, भारत व नेपाळ यांनी थिंफू येथे १५ जून २०१५ रोजी परस्परांची वाहने ये-जा करू देणारा मोटारवाहन करार केला. परंतु भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो नाकारला.

इतर कागद : आंतरराष्ट्रीय चालक परवाना आरटीओ देते. १९४९ च्या जिनीव्हा करारानुसार तो एक वर्ष चालतो व मूळ परवान्यासोबतच ग्राह्य असतो. गाडीच्या मागील बाजूस लंबवर्तुळात काळ्या अक्षरांत ‘आयएनडी’ हे देशचिन्ह लावतात. अशा चिन्हाची प्रथा १९०९ च्या पॅरिस करारापासून आहे. भारतीय मोटारविम्याचे क्षेत्र जादा हप्ता भरून नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका व मालदीवपर्यंत वाढवता येते (विमापत्रावरील शेरा आयएमटी १). त्यापलीकडे विमा नाक्यावरच घ्यावा लागतो. युरोपातील ‘ग्रीन कार्ड’ (परदेशात ग्राह्य असलेला मोटारविम्याचा दाखला) १९५३ पासून प्रचारात असून भारत त्या व्यवस्थेत नाही. जुलै २०२० पासून ते पांढऱ्या कागदावरही छापता येते, त्यामुळे हिरवा रंग ही आता त्याची खूण उरलेली नाही.

सामान : गाडीच्या नेहमीच्या टाकीतील इंधनावर १९५४ च्या करारानुसार शुल्क नाही, कॅनमधील इंधनाला ही सवलत नाही. दुरुस्तीसाठी मागवलेला सुटा भाग शुल्काविना येतो, पण काढलेला जुना भाग परत न्यावा, सरकारजमा करावा किंवा अधिकाऱ्यासमोर नष्ट करावा लागतो; म्हणून तुटलेला पाटा किंवा जळालेला डायनॅमो रस्त्याकडेला टाकू नये. औषधांसोबत डॉक्टरची चिठ्ठी आणि सामानाची टंकलिखित यादी दोन प्रतींत ठेवावी. भारतात परवानगीविना उपग्रह फोन बाळगणे गुन्हा आहे. येथे येणाऱ्या वाहनाचे इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील कागद असल्यास त्यांचे अधिकृत इंग्रजी भाषांतर २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार गाडीत असावे लागते.