काळी चेतापेशी: आजार की हाताची करणी?

बर्फाविना राहिलेला बांगडा दुपारपर्यंत पोटाकडून मऊ पडतो, कारण त्याच्या आतड्यातली पाचकद्रव्यं त्याचंच पोट पचवू लागलेली असतात. मृत्यूनंतर तपासणीसाठी काढायच्या मेंदूचंही तसंच. रक्त थांबलं की पेशीतली विकरं पेशीलाच खाऊ लागतात. वैशाखातल्या रत्नागिरी-मालवणच्या उकाड्यात हे आत्मविघटन आणखी झपाट्याने होतं. सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइडवर ते लहान मेंदूत चटकन दिसतं: कणपेशींचा, म्हणजे बारीक चेतापेशींचा, एरवी गच्च निळा दिसणारा थर फिका पडतो, पेशीकेंद्रं रंग धरत नाहीत. नवख्याला वाटतं, आजारानेच पेशी गेल्या.

यावर उपाय ४ अंश सेल्सिअसची शीतपेटी, फ्रीजर नव्हे. गोठवलेली कोलंबी वितळली की पाणी सोडते आणि भुसभुशीत लागते. हळूहळू गोठलेल्या मेंदूतही बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात आणि स्लाइडवर भोकंच भोकं दिसतात.

पण सगळ्यात फसवी असते ती काळी चेतापेशी. हिमॅटॉक्सिलीन-इओसिन या नेहमीच्या निळ्या-गुलाबी रंगजोडीने रंगवलेल्या स्लाइडवर ती आक्रसलेली, गडद जांभळी दिसते. आतलं पेशीकेंद्र वेगळं ओळखू येत नाही आणि तिचा वर जाणारा तंतू काकडीच्या वेलाच्या तणाव्यासारखा पिळलेला असतो. शेजारची पेशी मात्र ठणठणीत! ही करणी हाताची: ताजा मेंदू बोटांनी दाबला, ओढला, कवटीतून घाईने उपसला की असं होतं. मेंदूविकृतीतज्ज्ञ यान कामरमायर यांनी १९६१ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. गंमत म्हणजे मेंदू जितका ताजा, तितका हा दोष ठळक. म्हणून शस्त्रक्रियेत चिमट्याने काढलेल्या तुकड्यात तो हटकून भेटतो.

प्राणवायूअभावी खरोखर मेलेली पेशी वेगळी. ती लालसर गुलाबी होते, तिच्यातले निसल कण (प्रथिनं बनवणारे निळे ठिपके) विरतात, पेशीकेंद्र आकसून गडद होतं. हा बदल दिसायला इजेनंतर माणूस बरेच तास, साधारण अर्धा ते एक दिवस, जिवंत असावा लागतो. जागच्या जागी गेलेल्या माणसाच्या मेंदूत लाल पेशी शोधण्यात अर्थ नाही, आणि काळ्या पेशी मोजून ‘मेंदूला प्राणवायू कमी पडला’ असं लिहिणं तर सरळ चूक.

आता मेंदू टिकवून घट्ट करणारं फॉर्मॅलिन. १० लिटरला १ लिटर बाजारी फॉर्मॅलिन (सुमारे ४० टक्के फॉर्मल्डिहाइड), ९ लिटर पाणी, ४० ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट आणि ६५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. क्षार कंटाळा करून वगळले तर द्रव आंबट होतो आणि रक्ताजवळ तपकिरी-काळे कण साचतात. ते रंगद्रव्य म्हणजे रोग नव्हे. मेंदू बादलीच्या तळाला टेकवू नका, चपटा होईल. बुडाकडच्या बॅसिलर धमनीखालून दोरा ओवून तो बादलीच्या कडीला उलटा टांगा.

मेंदू कापण्याआधी फॉर्मॅलिनमध्ये दोन आठवडे ठेवतात. इतकं का थांबायचं? फॉर्मॅलिन पहिल्या तासात जेमतेम १ मिलिमीटर आत जातं आणि खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १ सेंटिमीटरला सुमारे १०० तास, २ सेंटिमीटरला ४००. तोवर आतला भाग मऊच राहतो. त्यात वायू सोडणारे जंतू आधीच वाढलेले असले तर कापल्यावर मेंदू जाळीदार घावनासारखा दिसतो. भोकांच्या कडेला दाहाच्या पेशी नसतात, त्यावरून ओळखावं. अर्धवट पक्का मेंदू घट्ट बरणीत कोंबून घाटरस्त्याने मुंबईला पाठवणं म्हणजे वर आणखी दाब.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याचा, म्हणजे रेबीजचा, संशय असेल तर मात्र प्रतिजन तपासणीसाठीचा (विषाणूचे अंश शोधण्यासाठीचा) तुकडा फॉर्मॅलिनविना, बर्फावर जातो.

नमुन्यासोबतच्या कागदावर तीन गोष्टी हव्यातच: मृत्यूची वेळ, शव थंडाव्यात ठेवल्याची वेळ, मेंदू फॉर्मॅलिनमध्ये बुडवल्याची वेळ.