पार्श्वभूमी : भाजीला विरजण लागते का?

घरी भाज्या आंबवायच्या तर कोणते विरजण घ्यावे, असे आता सोलापुरातही विचारले जाते. खरा घोळ 'विरजण' या शब्दातच आहे, म्हणून आधी तोच सोडवलेला बरा.

या शहरात तीन भाषांची लोणची आहेत. मराठी 'लोणचे' लवणावरून आले. कन्नड 'उप्पिनकायी'तला 'उप्पु' म्हणजे मीठच. पूर्वभागातल्या विणकरांच्या तेलुगू घरांत 'ऊरगाय' म्हणतात, त्यातले 'ऊर' म्हणजे मुरणे. मीठ आहे, मुरणे आहे. विरजण एकाही नावात नाही. विरजण दुधाचे. दूध तापवले की त्यातले बहुतेक जंतू मरतात, म्हणून वरून चमचाभर दही लावावे लागते. कच्च्या भाजीच्या अंगावर मात्र आंबवणारे जंतू असतातच. मीठ त्यांना वाव देते आणि सडवणाऱ्यांना रेटून मागे ठेवते.

हे जंतू पाळीपाळीने काम करतात, हे १९३० च्या सुमारास कोबीवरच्या अभ्यासातून पुढे आले. आधी ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू, फुगे आणि सौम्य वास त्याचा. आंबटपणा वाढला की तो दमतो आणि लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा दुसरा जंतू काम शेवटपर्यंत नेतो. किलोला २० ते २५ ग्रॅम मीठ या क्रमाला मानवते. जुन्या बरणीतला खार नव्या बरणीत ओतला, तर शेवटच्या पाळीचे जंतू पहिल्याच दिवशी येऊन बसतात. आंबट लवकर होते, चव मात्र एकसुरी.

खरा वाद विरजण म्हणून घातलेल्या दह्याच्या पाण्याचा. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या घरगुती पाककृतींतून ते भाज्यांच्या बरणीत आले आणि इंटरनेटवरून आपल्याकडे पोचले. आपल्याला ते लगेच पटले, कारण विरजण लावणे हाताच्या सवयीचे. ताक घालून आंबवलेल्या ज्वारीच्या आंबिलीचा दाखलाही दिला जातो. पण आंबिलीच्या पिठाला खाराएवढे मीठ नसते. नेहमीच्या दह्यातले दोन मुख्य जंतू दुधातल्या साखरेवर आणि ४०-४५ अंशांच्या उबेत वाढणारे. खारट पाण्यात ते रमत नाहीत. घरच्या दह्यात तर आणखी सरमिसळ, म्हणून दर खेपेला वेगळा निकाल. अशी बरणी जमली तर ती दह्याच्या पाण्यातल्या तयार आंबटपणामुळे आणि भाजीच्या स्वतःच्या जंतूंमुळे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अलीकडे तयार जंतूंच्या विरजणाची पाकिटेही मिळतात. २०२० मध्ये 'लॅक्टोबॅसिलस' या प्रजातीची (जीनस, म्हणजे अनेक जातींच्या गटाची) २५ प्रजातींत फेरमांडणी झाली, त्यामुळे एका पाकिटावर 'लॅक्टोबॅसिलस प्लँटारम' आणि दुसऱ्यावर 'लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम' दिसते. जंतू तोच, नवे नाव पाहून जास्त पैसे मोजू नयेत. पाकीट जिथे उपयोगी पडते, ती जागा वेगळी आहे. बीट उकडून घेतले तर त्यावरचे जंतू गेलेले असतात. तिथे बाहेरून विरजण लावणे योग्यच. कच्च्या गाजर-मुळ्याला ते लागत नाही.

सोलापुरात पाकिटापेक्षा ऋतू जास्त बोलतो. ल्युकोनोस्टॉकला २० अंशांच्या आसपासची हवा मानवते, ती इथे पौष-माघात मिळते. तेव्हा गाजराच्या बरणीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बारीक फुगे वर येतात, खार किंचित गढूळ होतो, झाकण सैल केले की हलका फुसकारा निघतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की तीच बरणी झपाट्याने आंबते, फोडी मऊ पडतात आणि वर पांढरा पापुद्रा धरतो. म्हणून मी उन्हाळ्यात मीठ किलोला ३० ग्रॅमपर्यंत नेते, फोडी खाराखाली दाबून ठेवते आणि बरणी ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या रांजणाशेजारी ठेवते. फडके दुपारपर्यंत वाळते, ते दिवसातून दोनदा भिजवावे लागते.