नारू

माणसाच्या कातडीखाली वाढून सुमारे वर्षभराने फोडातून बाहेर पडणारा गोलकृमी आणि त्याच्यामुळे होणारा रोग, या दोहोंना मराठीत नारू म्हणतात. कृमीचे शास्त्रीय नाव ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस. (बलुतेदार ते ‘कारू’ व अलुतेदार ते ‘नारू’, या जोडीतला शब्द निराळा.)

नाव व प्राचीनता : ‘नारू’ हा शब्द बहुधा संस्कृत ‘स्नायु’पासून आला असावा. पालीत ‘नहारु’ व प्राकृतात ‘ण्हारु’ ही त्याची रूपे आढळतात. हिंदीतील ‘नहरुआ’ही याच वाटेवरचा दिसतो. भावप्रकाश या आयुर्वेदीय ग्रंथात (सु. १६ वे शतक) या रोगाला ‘स्नायुक’ म्हटले आहे. येथे जुना अर्थ ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. आज स्नायू म्हटले की मांसाचा गोळा डोळ्यांसमोर येतो. जुन्या वैद्यकात मात्र हाडे व सांधे बांधून ठेवणारे दोरीसारखे तंतू, असा त्याचा अर्थ होता. फोडातून लोंबणारा पांढरट, सुतळीपेक्षा बारीक दोरा पाहणाऱ्याला तो शरीराचाच तंतू सुटून आला असे वाटणे स्वाभाविक होते. फार्सीतील ‘रिश्ता’ म्हणजे धागाच, आणि मध्ययुगीन वैद्य इब्न सीना यांनी वापरलेल्या अरबी नावाचा अर्थ ‘मदिनेची शीर’. हा जिवंत प्राणी की शरीराचाच भाग, हा वाद यूरोपीय वैद्यांतही दीर्घकाळ चालला. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५८ मध्ये त्याला प्राण्यांच्या वर्गीकरणात जागा दिली. शास्त्रीय नावातील ‘मेडिनेन्सिस’मध्ये मदिना आजही टिकून आहे.

ऋग्वेदातील एका सूक्तात (७.५०) पायाला पीडा देणाऱ्या ‘त्सरु’पासून रक्षण मागितले आहे. तो नारूच, असे काही अभ्यासक मानतात. परंतु सूक्ताचा एकूण विषय विषबाधेचा असून ‘त्सरु’चा अर्थ सरपटणारा प्राणी असाही केला जातो, त्यामुळे एवढ्यावरून ओळख पक्की करणे धाडसाचे वाटते. बायबलमधील ‘आगीच्या सापां’विषयीचे व ग्रीक वैद्यदेवता अस्क्लीपिअसच्या साप गुंडाळलेल्या दंडाविषयीचे तर्कही त्याच पातळीवरचे आहेत. ईजिप्तमधील एबर्स पपायरस या प्राचीन वैद्यकीय लेखात (इ. स. पू. सु. १५५०) नारूचा उल्लेख असल्याचे मत त्यांहून अधिक मान्य आहे. मँचेस्टर येथे तपासलेल्या एका किशोरवयीन मुलीच्या ममीत सापडलेला चुनखडी झालेला कृमी हा मात्र प्रत्यक्ष पुरावा होय.

जीवनचक्र : पाण्यात सायक्लॉप्स नावाचे एक-दोन मिलीमीटर लांबीचे कवचधारी जीव असतात. विहिरीचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरले, तर झटके देत हलणारे पांढरे ठिपके नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. नारूची पिले गिळलेले असे सायक्लॉप्स पिण्याच्या पाण्यातून पोटात जातात. जठरातील आम्लाने सायक्लॉप्स मरतो, पण आतले पिल्लू मरत नाही; उलट ते चपळ होऊन बाहेर पडते, आतड्याची भिंत भेदते आणि पुढे संयोजी (अवयवांना जोडणाऱ्या) ऊतकांत वाढते. नर समागमानंतर मरतो. मादी ६० ते १०० सेंमी. लांब होते आणि कातडीखालून बहुधा पायाकडे सरकते. या साऱ्या महिन्यांत रोग्याला बहुधा काहीच जाणवत नाही.

मग घोट्याजवळ किंवा पावलावर फोड येतो. त्याची आग इतकी असते की माणूस आपसूक पाय पाण्यात सोडतो. गार पाणी लागताच फोड फुटतो आणि मादी लाखो पिले असलेला दुधट स्राव पाण्यात सोडते. शरीराला हवासा वाटणारा थंडावाच कृमीच्या वंशाला पाण्यापर्यंत पोहोचवतो. पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहून घागर भरायच्या विहिरी व बारवा म्हणूनच या रोगाचे माहेरघर ठरल्या.

सायक्लॉप्सचा हा वाटा रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई फेडचेंको यांनी १८७० च्या सुमारास मध्य आशियातील तुर्कस्तानात दाखवला. ब्रिटिश परजीवीशास्त्रज्ञ रॉबर्ट लायपर यांनी पुढे आम्लाचा परिणाम व माकडातील संसर्ग दाखवला. माणसाबाबतची खात्री मुंबईत झाली : डॉ. ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड (इंग्रजी लेखनात तुरखुड) यांनी १९१३ च्या सुमारास माणसांना असे सायक्लॉप्स पाजून नारू झाल्याचे दाखवले. परजीवीविज्ञानाच्या परदेशी ग्रंथांत हे नाव आढळते. मराठीत ते अधिक परिचित व्हायला हवे.

उपचार : कृमी मारणारे खात्रीचे औषध नाही, लसही नाही, एकदा झालेला नारू पुन्हा होऊ शकतो. बाहेर आलेले टोक काडीला किंवा कापडाच्या बोळ्याला गुंडाळून रोज थोडे थोडे ओढायचे, ही जुनी रीतच आजही वापरतात. घाई केली आणि कृमी तुटला, तर पिले आत सांडून पाय सुजतो व पू होतो. कित्येक आठवडे माणूस शेतात पाऊल टाकू शकत नाही. बाहेर न पडता आतच मेलेले कृमी कालांतराने कॅल्शियम साचून कठीण होतात व क्ष-किरण चित्रात वळणदार रेषेसारखे दिसतात.

निर्मूलन : भारतात राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून सुमारे ४० हजार रुग्ण होते. साधने साधी होती : पाणी दुहेरी कापडातून गाळणे, पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हातपंप देणे, पाण्यात सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस हे रसायन टाकणे आणि नारूचा पाय पाण्यात घालू न देणे. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला व फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला.

जगभरात १९८६ च्या सुमारास वर्षाला अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२४ मध्ये चाड व दक्षिण सुदान मिळून १५ उरले. तथापि चाडमध्ये २०१२ पासून कुत्र्यांतही हा कृमी आढळू लागला, त्यामुळे तेथे कुत्री बांधून ठेवणे व कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून मासळीची आतडी पुरून टाकणे हेही मोहिमेचे काम झाले आहे.